सड्यासकट कातळशिल्प

कशेळीचा हत्ती कडेला उभं राहून दिसत नाही. राजापूर तालुक्यातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेली ही आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. पायाशी दिसते ती एखादी वळत गेलेली खाच. सोंड कुठली आणि पाय कुठला, हे त्या रेषेला धरून चालल्यावर उमगतं. हत्तीच्या अंगात आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत.

अशा कातळशिल्पांच्या नोंदणीचं काम झाडूपासून सुरू होतं. खाचांत साचलेली माती आणि वाळकं गवत हलक्या हातानं काढायचं, दोऱ्या ताणून चौकोन आखायचे, टेप लावून एकेक रेष कागदावर उतरवायची. भर दुपारी खाच सपाट भासते. ऊन कललं की तिच्या काठाची सावली आत पडते आणि पुसट रेषही उठून येते. ड्रोनमधून अख्खी आकृती एका नजरेत मिळते, पण खाचेच्या काठाचा खडबडीतपणा बोटं फिरवल्यावरच कळतो.

आकृतीचा नकाशा झाला म्हणजे निम्मंच काम झालं. पाऊस कुठे साचतो, पाणी कुठून वाहतं, जुनी पायवाट कुठून जाते, तिथून समुद्र दिसतो का, हेही टिपायला हवं. गोव्यात पणसायमळची शिल्पं कुशावतीच्या काठावर आहेत, तर रत्नागिरीतली बरीचशी उघड्या सड्यांवर. हा फरक शिल्पाच्या फोटोत येत नाही. देवाचे गोठणे इथल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, म्हणजे दिशा लिहितानाही जागेचा विचार आलाच.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या अभ्यासकांनी गावोगावचे सडे पालथे घातले, गुराख्यांना नि शेतकऱ्यांना विचारलं, म्हणून ही शिल्पं मोठ्या संख्येनं उजेडात आली. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली.

पण घरबांधणीचा चिराही याच जांभ्यातून निघतो. आकृतीभोवती चार भिंती घालून बाजूला खाण चालू ठेवली, तर पाण्याची वाट आणि मोकळं क्षितिज दोन्ही जातात. ते संरक्षण अपुरंच. खाणीला परवानगी देण्याआधी अख्खा सडा पायी तपासला पाहिजे. आणि पाहायला जाणाऱ्यांनी चपला काढाव्यात, फोटोसाठी खाचांत खडू किंवा रांगोळी भरू नये.