घाटावरची गर्दी

आयर्लंडमध्ये लिमरिक शहरात थोमंड पार्क नावाचं रग्बीचं मैदान आहे. पंचवीस हजारांच्या आसपास माणूस तिथे मावतो. मन्स्टर हा घरचा संघ. सामना अटीतटीला आलेला असतो, पाहुण्या संघाला पेनल्टी मिळते, त्यांचा गडी चेंडू ठेवून चार पावलं मागे सरकतो आणि एवढं मैदान एकदम गप्प होतं. ना शिट्टी, ना टाळी. आपल्याला हरवायला निघालेल्या माणसाला शांतता द्यायची, ही तिथली रीत. टीव्हीवर सामना चालू असला की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘आवाज गेला का?’

अशा वेळी माझं मन थेट आमच्या घाटावर जातं. घाट म्हणजे माळशेज नव्हे, बैलगाड्यांचा घाट.

आमचं पिंपरी पेंढार हे कल्याण-अहिल्यानगर महामार्गावरचं, ओतूर आणि आळेफाट्याच्या मधलं गाव. उसाचा, कांद्याचा आणि अलीकडे बिबट्याच्या बातम्यांचा हा पट्टा. माघ सरत आला की या रस्त्यावर पिकअपमधून बैल जाताना दिसू लागतात. अंगावर झूल, पायाशी भुसा, शेजारी बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला एखादा पोरगा, आणि मागे दुचाकींची रांग. फाट्यावर चहा पिणारी मंडळी मान वर करून एवढंच विचारतात, ‘आज कुठला घाट?’ उत्तरात फक्त गावाचं नाव येतं. पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. वैशाखापर्यंत हेच चालतं, कारण यात्रांचा हंगामच तो. मांडवडहाळे, शेरणी, हारतुरे, छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. आणि या सगळ्यात ज्याच्यासाठी मुंबईला गेलेला चाकरमानी रजा टाकून येतो, ते म्हणजे गाडे. आमच्याकडे ‘शर्यत’ हा शब्द वर्तमानपत्रात. तोंडी आपलं ‘गाडे बघायला चाललोय’.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ या भागातला घाट म्हणजे चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल, दोन पुढे नि दोन मागे, आणि त्यांच्याही पुढे घोडी. खाली जुंपायची जागा, वर निशाण. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्या धावेला बारी म्हणतात. जिंकणं-हरणं घड्याळाच्या सेकंदांवर. चांगला गाडा अकरा-बारा सेकंदांत वर जातो, आणि ज्याचा वेळ सगळ्यांत कमी तो घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडे गाड्या शेजारी-शेजारी पळतात, विदर्भात शंकरपट असतो. ती वेगळी घराणी, त्यांच्यावर इथे बोलत नाही.

आता गंमत बघा. रग्बीत दोन संघ ऐंशी मिनिटं एकमेकांच्या अंगावर असतात. घाटात दोन प्रतिस्पर्धी कधी समोरासमोर येतच नाहीत. मोठ्या यात्रेत दोनशे गाडे पळाले, प्रत्येकाचे बारा सेकंद धरले, तर दिवसभरात प्रत्यक्ष खेळ होतो चाळीस मिनिटं. म्हणजे रग्बीचा निम्मा सामना. सकाळपासून सांजेपर्यंत उन्हात बसलेली हजारो माणसं उरलेला वेळ काय करतात? ती वाट बघतात. घाटावरच्या गर्दीचे सगळे रीतिरिवाज या वाट बघण्यातून घडलेत, असं माझं मत झालंय.

दोन बाऱ्यांच्या मधे धावपट्टीवर माणसं उतरतात. पाय मोकळे करतात, पाव्हण्याला हाक मारतात, भेळ घेऊन पलीकडे जातात. शहरातला माणूस हे बघून हबकतो: एवढ्या लोकांतून बैल जाणार कुठून? पण खाली हालचाल दिसली, भोंग्यातून गाडामालकाचं नाव पुकारलं, की ही गर्दी आपोआप फाटते. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. ‘ज्या अंगाला आहेस त्याच अंगाला सर’ हा पहिला नियम. पलीकडे भाऊ उभा असला तरी पट्टी ओलांडून धावायचं नाही. छत्री उघडायची नाही, उपरणं फडकावायचं नाही, कारण बैल बुजतो आणि बुजलेले चार बैल कुठे शिरतील हे सांगता येत नाही. पोराला खांद्यावर घ्यायचं, बोटाला धरून उभं करायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. शेजारचे म्हातारबा एकदाच खेकसतात, ‘ए बाळा, माघारी हो!’, तेवढ्यात शिकवणी होते.

थोमंड पार्कवरची शिस्त दुसऱ्याच्या मानासाठी असते, आमची आपल्या बरगड्यांसाठी, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. ते अर्धंच खरं आहे. कारण शांतता आमच्याकडेही असते, फक्त तिची जागा वेगळी.

गाडा सुटतो, घोडी उसळते, पुकारणाऱ्याचा आवाज चढत जातो आणि ‘झाली, झाली... भिर्रर्र!’ या आरोळीत सगळा घाट सामील होतो. गाडा कुणाचा का असेना. वैर असलेल्या भावकीचा गाडा असला तरी बारी चालू असताना ओरडायचं त्याच्याच बाजूने. गाडा वर पोहोचतो, धूळ उडते, आणि मग ती शांतता येते. सेकंद जाहीर होईपर्यंतची. रग्बीत किक मारण्याआधी गप्प बसतात, घाटात पळून झाल्यावर. हजारो माणसं भोंग्याकडे तोंड करून थांबलेली असतात. ‘अकरा सेकंद...’ एवढं ऐकू येतं आणि पुढचे पॉइंट कुणालाच ऐकू येत नाहीत, कारण तोवर टोप्या उडालेल्या असतात, भंडारा उधळलेला असतो.

सेकंदांवरून भांडणं व्हायची आणि होतात. पूर्वी हातातलं घड्याळ होतं. घड्याळ धरणारा कुणाचा मेहुणा, इथपासून वाद सुरू व्हायचा. आता बऱ्याच घाटांवर सेन्सर आणि मोठा आकड्यांचा फलक आलाय. तरी जुने शौकीन आपल्या मनाशी मोजतात, आणि बारी संपल्याबरोबर फलकाकडे न बघता आकडा सांगतात. तो जवळपास बरोबर निघतो, हे मी स्वतः पाहिलंय.

वाद करण्याचीही पद्धत आहे. तक्रार करायची ती गाडामालकाने, तीही यात्रा कमिटीच्या टेबलाशी जाऊन. त्याच्या गावच्या पन्नास पोरांनी टेबलाला गराडा घालायचा नाही. रग्बीत पंचाशी बोलायचा मान फक्त कर्णधाराला. बाकीच्यांनी मध्ये तोंड घातलं तर पेनल्टी बसू शकते. तिथे एक आणखी सोय आहे, ती मला फार आवडते. पंचाच्या अंगावर माइक असतो आणि मोठ्या मैदानांवर प्रेक्षकांना कानात घालायचं छोटं यंत्र विकत मिळतं. निर्णय का दिला, हे पंच खेळाडूंना समजावतो ते प्रेक्षकालाही ऐकू येतं. कारण कळलं की शिव्या कमी होतात. आमच्या घाटावर हे काम पुकारणारा करतो. चांगला पुकारणारा सेकंद तर सांगतोच, पण घोडी कुठे मागे पडली, बैल कुठल्या अंगाला ओढला, तेही सांगतो, आणि चिडलेल्या मालकाला भर गर्दीत आदराने ‘अण्णा’ म्हणून निम्मं भांडण तिथेच मिटवतो. त्याच्या मानधनात कमिटीने कधी काटकसर करू नये.

सगळ्या रग्बीची तारीफ करायची म्हणून हे लिहीत नाही. फ्रान्समध्ये पाहुण्या किकरला शिट्ट्या बसतात, २०२३च्या विश्वचषकात त्या साऱ्या जगाने ऐकल्या. पण दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच बाकावर शेजारी बसतात, इंग्लंडमधल्या फुटबॉलसारखे वेगळे कप्पे करावे लागत नाहीत, हे मात्र खरं. हा खेळ आपल्याला अगदी परकाही नाही. मुंबईच्या १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यावर तो गेली कित्येक दशकं खेळला जातो, आणि जून २०२५मध्ये अंधेरीत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. जिंकला कोण, तर चेन्नई बुल्स. नाव वाचून आमच्याकडचा कुणीही विचारेल, जोडी खिल्लार होती का?

हरलेल्याशी गर्दी कशी वागते, यावर मी गर्दीची परीक्षा करतो. घाटात गाडा भरकटतो, बैल मधेच थांबतो, घोडी पुढे निघून जाते आणि बैल मागेच राहतात, असंही होतं. वर्षभर पोटच्या पोरासारखा सांभाळलेला बैल बारा सेकंदांत मान खाली घालायला लावतो. अशा वेळी हशा पिकतो, पण तो माणसांवर. बैलाला कुणी नाव ठेवत नाही. ‘घोडी नीट धरली नाही’, ‘जुंपताना घाई केली’, ‘प्रवासाने दमलंय जनावर’, अशी कारणं अनोळखी माणसंच मालकाच्या वतीने देत सुटतात. पुढच्या यात्रेत तोच बैल आला की पुकारणारा मागचं काही काढत नाही.

याच्या उलट कुस्तीचा आखाडा. ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वर आहे. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी करतात आणि आखाडा भरतो. तिथला प्रेक्षक माफ करत नाही. पैलवान नुसता फिरत राहिला की ‘धर की!’ असा आवाज येतो, आणि कुस्ती रंगली की हाच माणूस खिशातली नोट काढून जिंकणाऱ्याच्या हातात ठेवतो. घाटात बसणाराही तोच, आखाड्यात बसणाराही तोच. पैलवानाला शब्द कळतात म्हणून त्याला बोलतात, बैलाला कळत नाहीत म्हणून सोडतात, एवढाच मला त्याचा अर्थ लागतो.

बक्षिसांबद्दल थोडं भरकटू द्या. रग्बीतला इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यांचा कलकत्ता कप आपल्याकडून गेलाय. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले उरलेले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. कड्या नागांच्या आकाराच्या, झाकणावर हत्ती. १८७९पासून त्यासाठी सामने होतात. आमच्याकडे ढाल आणि रोख रकमेवर भागायचं. मग दुचाकी आली, ट्रॅक्टर आला, बोलेरो आली, आणि मे २०२२मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकाला चक्क जेसीबी ठेवला होता. बक्षीस वाढलं तशी गर्दीची जात बदलली, असं मला वाटतं. ढालीसाठी पळणारा गाडा बघायला गाव येतं. जेसीबी बघायला जो येतो तो बैलाकडे पाठ करून जेसीबीसमोर फोटो काढतो.

कायद्याची हकिगत सगळ्यांना पाठ आहे, तरी नोंदवतो. २०११मध्ये केंद्राने खेळ करून घेण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैल घातला, ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०१७मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला पण तो उच्च न्यायालयात अडला, १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बैलाला क्रूरपणे वागवलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. फेब्रुवारी २०२२मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी शब्द दिल्याप्रमाणे बारीपुढे घोडी धरली. ते आमच्या नारायणगावचे, त्यामुळे त्या दिवशी अर्धा जुन्नर तिकडे.

या बंदीने गर्दीला एक गोष्ट शिकवली, आणि ती मान्य करायला आम्ही शौकीन जरा कचरतो. पूर्वी शेपटी पिरगाळणं, काठी, टोचणी हे सुटायच्या जागी उघड चालायचं आणि बघणारे हसायचे. आता कुणी काठी उचलली की शेजारचाच ओरडतो, ‘शूटिंग चालू आहे!’ भीतीपोटी असेल, पण ओरडतो. पुन्हा घाट बंद पडला तर काय, हे सात-साडेसात वर्षं त्याने सोसलेलं आहे. प्राणिप्रेमी संघटनांचे सगळे आक्षेप मला पटत नाहीत. तरी ही एवढी सुधारणा त्यांच्या रेट्याशिवाय झाली नसती.

बिघडलं काय, तर मोबाईल. रील काढणारा पट्टीकडे पाठ करून उभा राहतो, आणि गर्दीची सगळी शहाणीव या एका गोष्टीपुढे लुळी पडते, कारण सरायचं केव्हा हे त्याला दिसतच नाही. दुसरा त्रास डीजेचा. हलगीच्या तालाला सरावलेला बैल त्या धडधडीने बिथरतो आणि पुकारणाऱ्याचे सेकंद कुणाला ऐकू जात नाहीत. कमिट्यांनी बाऱ्यांच्या वेळी डीजे बंद ठेवावा, हे मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक कमिटीला सांगून वाईट झालोय.

काही घाटांवर आता बायकांसाठी वेगळी बैठक असते. माझ्या लहानपणी बाया छबिन्याला यायच्या, घाटाच्या कडेला नाही. परवा एका आजीबाई नातवाला बैलांची नावं आणि मागच्या हंगामातले सेकंद सांगत होत्या. गेल्या वर्षीचं गणित विचारलं असतं तर नातवाला आलं नसतं.

चैत्रात इकडे यायचा विचार असेल तर आळेफाट्याला उतरा आणि कुठल्याही टपरीवर विचारा. सकाळी नऊच्या आत पोहोचा, डोक्याला टोपी किंवा पंचा हवाच. उभं राहायचं ते घाटाच्या मधल्या टप्प्यात, उंचवट्यावर. वर निशाणाजवळ हौशी गर्दी करतात, पण बैल निशाणाशी थांबत नाहीत, पुढे कितीतरी लांब जातात आणि अपघात बहुतेक तिथेच होतात. खाली जुंपायच्या जागी ओळखीशिवाय जाऊ नका. गेलात तर बैलाच्या मागून जाऊ नका आणि मालकाला ‘किती सेकंद येतील?’ असं बारीआधी विचारू नका, त्याला ते आवडत नाही. जेवायला कुणीतरी घरी नेईलच, नाही म्हणायचं नाही. आणि निघायचं ते दिवस मावळायच्या आत, चारचौघांबरोबर, कारण वाटेतला ऊस आता बिबट्याचा आहे.