तिला विचारलंत का?
(किशोरमन : लेखांक ६)

मागच्या लेखांकात अत्याचारानंतरच्या पहिल्या दिवसांविषयी लिहिलं होतं. झोप उडणं, अंग आखडणं, वर्गात बसल्याबसल्या हरवून जाणं ही वेडाची लक्षणं नव्हेत, हे लक्षात आलं असेल तर पुढचं समजायला सोपं जाईल. आज त्याहून अवघड गोष्ट. पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी चुकते आणि घरात कुजबुज सुरू होते.

“कुणाला कळता कामा नये,” हे त्या कुजबुजीतलं पहिलं वाक्य. दुसरं, “पाडलं तर पोरीच्या डोक्यावर परिणाम होईल.” या दोन वाक्यांच्या घोळात आठवडे निघून जातात. मुलीला मात्र कुणी काही विचारत नाही. तिला वाटतं, आपल्याच चुकीनं घरात सुतक आलंय.

दुसऱ्या वाक्यातली भीती कितपत खरी? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, पहिल्या तिमाहीत गर्भपात झालेल्या मुलींच्या आणि स्त्रियांच्या सरकारी नोंदी तपासल्या होत्या. मानसोपचारांसाठी पहिल्यांदाच जावं लागल्याचं प्रमाण गर्भपाताआधीच्या नऊ महिन्यांत वर्षाला हजारी १४.६ होतं, नंतरच्या वर्षभरात १५.२. म्हणजे जवळपास तेवढंच. हा अभ्यास केवळ अत्याचार सोसलेल्या मुलींचा नाही, हे खरं. त्यांच्या मनावर आधीच मोठा घाव असतो. पण तो घाव अत्याचाराचा. त्याचं खापर गर्भपातावर फोडून दिवस घालवणं मला क्रूर वाटतं.

आपल्या कायद्यानं हे फार पूर्वी ओळखलं. बलात्कारातून राहिलेल्या गर्भामुळे होणारा मनस्ताप ही मानसिक आरोग्याला गंभीर इजाच समजावी, असं १९७१ च्या गर्भपात कायद्यात लिहिलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलींना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागते.

२०२४ साली महाराष्ट्रातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढावी लागली. अत्याचार झालेल्या मुलीच्या मनाचं काय होईल, याचा विचार पहिल्या वैद्यकीय अहवालात नव्हता. न्यायालयानं शीव रुग्णालयात नव्यानं तपासणी करवली आणि २२ एप्रिलला परवानगी दिली. तोवर गर्भ तीस आठवड्यांच्या घरात गेला होता. मुलीच्या जिवाच्या काळजीनं आईवडिलांचं मन बदललं आणि २९ एप्रिलला आदेश मागे घेतला गेला. या निकालातली एक गोष्ट प्रत्येक पालकानं वाचावी: पालकांचं आणि मुलीचं मत वेगळं पडलं, तर मुलीचं मतही महत्त्वाचं धरलं पाहिजे.

विचारायचं म्हणजे उलटतपासणी घ्यायची नव्हे. “तू तिथे गेलीसच का?” हा प्रश्न आईच्या तोंडून निघाला, की मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही. “बाळा, तुझं काही चुकलेलं नाही. डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत आहे,” एवढं बोललं तरी पुरे. बाकीचं तिला हवं तेव्हा, हवं तेवढं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यालाही हे कळतं. मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, साध्या कपड्यांत येऊन घ्यायचा असतो. अशा प्रकरणाची पोलिसांना खबर देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण तातडीच्या उपचारांसाठी आधी पोलिसांचा कागद आणा, असं त्यांना म्हणता येत नाही. हे ठाऊक नसल्यानं लोक मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणतात आणि मुलीचा जीव धोक्यात घालतात.

आणि आरोपीशी तडजोड करून प्रकरण मिटवणं? जुलै २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली होती: राखीपौर्णिमेला मिठाई घेऊन तक्रारदार स्त्रीच्या घरी जा, तिच्याकडून राखी बांधून घे, ओवाळणी म्हणून ११,००० रुपये दे. ज्याच्या भीतीनं दार लावून घ्यायचं, तोच दारात. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली आणि लग्न किंवा समेट सुचवू नका, असं सगळ्या न्यायालयांना बजावलं. त्या प्रकरणातली तक्रारदार प्रौढ होती. किशोरवयीन मुलीच्या घरी असा समेट बहुतेकदा काका-मामाच घडवून आणतात, तोही तिला न विचारता.

मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही क्रमांक मोफत, चोवीस तास. मुलीनं स्वतः फोन केला तरी चालतो.

पुढच्या आठवड्यात मुलग्यांविषयी. पॉक्सो कायदा त्यांनाही तेवढंच संरक्षण देतो, तरी घरात त्यांचं ऐकून घेणारं माणूस सापडणं आणखी कठीण असतं.