साच्यामागची धार

सोलापुरात ‘मिल’ म्हटले की जुन्या माणसांना कापडाची गिरणी आठवते. कारखान्यातले ‘मिलिंग’ मात्र वेगळे. तेथे गरगर फिरणाऱ्या कटरने धातू कोरतात. याच सोलापुरात किर्लोस्कर फेरसची फौंड्री आहे आणि १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे. इंजिनाचा असा कोणताही ओतीव भाग असो, त्याला आधी साचा लागतो.

कारखान्याचे कशाला, आपल्या शेतातले ठिबकचे ड्रीपर आणि पाइपाचे एल्बोसुद्धा साच्यातूनच निघतात. एका चांगल्या साच्यातून लाखो नग पडतात. पण साचा केसभर चुकला, तर प्रत्येक नग चुकतो आणि एका झाडाला पाणी जास्त, दुसऱ्याला कमी मिळते. म्हणून साचा कठीण पोलादाचा करतात. तो कोरणारे हत्यार त्याहूनही कठीण लागते.

लोहार विळ्याला पाणी देतो, ते आठवा. पाणी जास्त चढले तर धार तुटते, कमी पडले तर वळते. कटरचेही तसेच आहे. हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंश उष्णतेपर्यंत धार धरते आणि धक्काही सोसते. कार्बाइड त्याहून कितीतरी कठीण. टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये मिसळून, दाबून, भट्टीत भाजून ते करतात. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० नंतरच्या दशकात ते ‘विडिया’ या नावाने विकायला आणले. विडिया म्हणजे हिऱ्यासारखे.

मात्र कार्बाइड ठिसूळ असते. तापलेल्या धारेवर थांबून थांबून पाणी पडले तर तिला बारीक तडे जातात. म्हणून कठीण पोलाद कोरताना पुष्कळदा नुसती हवा मारतात. साच्याच्या खोलगट भागाला गोल टोकाचा कटर लागतो. त्याच्या अगदी टोकाला फिरण्याचा वेग नसतो. तेथे तो कापत नाही, घासतो. म्हणून जमेल तेथे तो थोडा कलता धरतात.

थोड्या कोरडवाहू जमिनीवर दोन भावांचे भागत नाही. एकाला हे काम शिकता येईल. दहावीनंतर आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूलरूमही आहे. पण प्रवेश घेण्याआधी पालकांनी स्वतः जाऊन एवढे विचारावे: मुलाला यंत्रावर रोज किती वेळ हात चालवायला मिळेल? कारण धारेची पारख हातालाच होते.