लाल महाल ते टांगाईल

शत्रूच्या मुलखात खोल शिरून मूठभर माणसांनी घाव घालावयाचा आणि मुख्य सैन्य धावून येण्यापूर्वी निसटावयाचे, या युद्धपद्धतीला आज कमांडो कारवाई म्हणतात. हा शब्द मूळचा दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या घोडेस्वार पथकांचा. १९४० साली ब्रिटिशांनी आपल्या निवडक तुकड्यांना तेच नाव दिले. शब्द आपल्याकडे उशिरा आला. विद्या मात्र जुनीच होती.

५ एप्रिल १६६३ ची रात्र पाहा. शायिस्तेखान पुण्यास लाल महालात तळ देऊन बसला होता. भोवती मोगलांची अफाट छावणी. उघड्या मैदानावर तिच्याशी सामना करणे शक्य नव्हते. परंतु शिवाजी महाराजांचे बालपण याच वाड्यात गेले होते. त्यातील दालन न् दालन त्यांना ठाऊक होते. रमजानचा महिना असल्यामुळे दिवसभराच्या उपवासानंतर छावणी गाढ झोपली होती. निवडक लोकांनिशी महाराज मुदपाकखान्याच्या बाजूने आत शिरले आणि भिंत फोडून थेट जनानखान्यात पोहोचले. अंधारात खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा मारला गेला, आणि गोंधळ ओसरण्यापूर्वीच मराठे छावणीबाहेर पडले. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना कात्रजच्या घाटाकडे चकविल्याची कथा सर्वांना आवडते; पण त्या रात्रीचे खरे मर्म अगोदर असलेल्या माहितीत आणि आखून ठेवलेल्या परतीत आहे. खानाची फौज जवळजवळ तशीच राहिली, तरी त्याचा धीर खचला. बादशहाने त्याला बंगालला धाडले.

परतीची वाट हाच अशा मोहिमेतील सर्वांत अवघड भाग होय. १९४३ साली विंगेटच्या ‘चिंडिट’ तुकड्या जपान्यांच्या ताब्यातील ब्रह्मदेशात घुसल्या. बिनतारी यंत्रे आणि विमानांतून टाकलेली रसद यांच्या बळावर त्या आठवडेच्या आठवडे जंगलात राहिल्या व त्यांनी रेल्वेमार्ग तोडले. परंतु गेलेल्या सुमारे ३,००० जणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश परत आले नाहीत. ज्यांना चालता येईना, अशा जखमींना वाटेतच सोडावे लागले.

१९७१ च्या युद्धात पश्चिमेकडे आपले कमांडो जीपगाड्यांतून वाळवंट ओलांडून छाछरोपर्यंत धडकले. पूर्वेकडे ११ डिसेंबर रोजी टांगाईलजवळ दुसऱ्या पॅराशूट पलटणीचे सुमारे सातशे जवान विमानांतून उतरले. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. काटेकोरपणे पाहता ही कमांडो कारवाई नव्हे, कारण येथे परत फिरावयाचेच नव्हते. मुख्य सैन्याने पुढे येऊन त्यांना गाठावयाचे होते. माहितीची तयारी मात्र तीच. कॅप्टन घोष हे अगोदरच त्या मुलखात जाऊन, मुक्तिवाहिनीच्या साहाय्याने, उतरण्याची जागा हेरून राहिले होते. लोहाजंग नदीवरील पुंगलीचा पूल त्याच संध्याकाळी हाती आला. डाक्क्याकडे माघार घेणारे पाकिस्तानी सैन्य रात्री त्यावर तुटून पडले, पण पूल सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेकडून आपले सैन्य येऊन मिळाले. त्यात आघाडीला होती पहिली मराठा पलटण! १६ डिसेंबरला डाक्क्यात प्रथम शिरली ती हीच दुसरी पॅराशूट पलटण. पुढे तिचे रूपांतर विशेष दलात करण्यात आले.