पालखीचा मान: वाहन आणि सरदारांचा दर्जा

पेशवेकालीन बखरी व पत्रे वाचताना अमुक सरदारास ‘पालखी दिली’ अशा अर्थाचे उल्लेख तुम्हांला आढळतील. धन्याने चाकराच्या प्रवासाची सोय केली, एवढाच अर्थ घेऊन आपण पुढे जातो. तो अर्थ अपुरा आहे. त्या एका वाक्यात त्या माणसाचे दरबारातील स्थान बदललेले असते आणि ते न कळल्यास पुढच्या पानावरील रुसवेफुगवेही कळत नाहीत.

मग सरदाराने कोणते वाहन निवडले यावरून बरोबरीच्या लोकांत त्याचा मान ठरत असे काय? खालच्या पायरीवर मालकीला महत्त्व होतेच. स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा कोणाचा, यावरच हा भेद अवलंबून होता. वरच्या पायरीवर मात्र चित्र उलटते. पालखी तयार करवून घेण्याइतका व भोई बाळगण्याइतका पैसा अनेकांपाशी असे. परंतु मान मिळे तो सरकारातून बहाल झालेल्या पालखीला. तिच्यासोबत भोयांच्या खर्चाची नेमणूकही होई, अबदागिरीचेही तसेच. म्हणजे निवड सरदाराची नव्हे, धन्याची.

भाषेनेही हा भेद जपला आहे. ‘पालखीनशीन’ किंवा ‘पालखीपदस्थ’ म्हणजे केवळ पालखीत बसलेला नव्हे, तर पालखीत बसण्याचा अधिकार असलेला. ‘पदस्थ’ हा शब्द येथे मुद्दाम पाहावा: वाहन हेच पद झाले आहे. बंदिस्त मेण्यातून घरंदाज स्त्रिया प्रवास करीत. पण ‘मेणापदस्थ’ असा शब्द मात्र रूढ झाला नाही. हत्तीच्या बाबतीतही उघडा हौदा आणि छत असलेली अंबारी यांना एकच समजू नये.

मान वरून येतो हे तत्त्व खुद्द पेशव्यांनाही लागू होते. १७९२ मध्ये महादजी शिंदे यांनी बादशहा शाह आलमकडून सवाई माधवरावांसाठी वकील-इ-मुतलक हा किताब पुण्यास आणला. त्याबरोबरच्या मानचिन्हांत माही-मरातब होता, तशीच पालखीच्या जातीची नालकीही होती.

याच भेटीचा जॉन माल्कमने सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. उत्तरेत बादशाही सांभाळणारे महादजी पुण्याच्या वेशीपाशी हत्तीवरून उतरले, दरबारात सर्व मानकऱ्यांच्या खाली बसले आणि काखेतल्या गाठोड्यातून जोडे काढून त्यांनी पेशव्यांपुढे ठेवले. हे आपल्या वडिलांचे काम, तेच आपले, असे ते म्हणाले. यात नम्रता किती आणि राजकारण किती, याविषयी मतभेद होऊ शकतात. आमच्या मते राजकारण अधिक. वंशपरंपरागत मानकऱ्यांना शिंद्यांचा उत्कर्ष सलत होता, आणि हत्तीवरून उतरणे हे त्यांना दिलेले उत्तर होते. ज्याच्यापाशी हत्तीच नाही, त्याच्या पायी चालण्याची नोंद कोण घेणार?

सरावासाठी: तुम्ही वाचलेल्या एखाद्या बखरीतील पालखी, हत्ती किंवा घोडा दिल्याचा एक उल्लेख निवडा. देणारा कोण, घेणारा कोण आणि त्या वेळी तेथे कोण उपस्थित होते, हे पाहून दहा ओळींचे टिपण लिहा.