माळ्यावरचे बिऱ्हाड

घरातील ज्या भागाची आठवण वर्षातून एकदाच, गौरी-गणपतीचे मखर काढताना किंवा पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना होते, तो भाग म्हणजे माळा. मोडका पाळणा, जुनी ट्रंक, लग्नकार्यातील पातेली आणि कोणालाच न टाकवणारी अडगळ तेथे चढवून ठेवली की घरमालक निश्चिंत होतो आणि पुढे कित्येक महिने तिकडे फिरकत नाही. अंधार, ऊब, कोरडेपणा आणि माणसाची गैरहजेरी हे चार गुण एकत्र असलेली जागा निसर्गातही सहजी सापडत नाही. झाडाच्या ढोलीत अथवा खडकाच्या कपारीत राहणाऱ्या प्राण्याला माळा म्हणजे एक प्रशस्त ढोलीच वाटावी, यात नवल नाही. मग एके रात्री डोक्यावर पावले वाजू लागतात. प्रथम चोराचा संशय येतो, नंतर भुताचा. आणि हे दोन्ही संशय फिटले की तिसऱ्या दिवशी बाजारातून विष किंवा सापळा घरात येतो. घाईने केलेला हा तिसरा उपाय बहुधा निर्दय असतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो निरुपयोगी असतो.

डोक्यावर वजनदार पावले वाजविणारा हा पाहुणा पुष्कळदा उदमांजर असतो. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात, इतरत्र मसण्याउद. केरळात त्याचे नाव मरपट्टी, म्हणजे झाडावरचा कुत्रा. बंगालीत तो गंधगोकुळ आहे, कारण त्याच्या अंगाला सुगंधी तांदळाच्या भातासारखा वास येतो. वास्तविक तो मांजरही नव्हे आणि कुत्राही नव्हे. त्याचे कूळच निराळे आहे. दोन ते पाच किलो वजनाचा, लांब शेपटीचा, रात्रीच हिंडणारा हा प्राणी फळे खातो, किडे खातो आणि उंदीरही खातो. खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकतो, आणि त्यातून नवी झाडे उगवतात. त्याच्या अपकीर्तीचे कारण एवढेच की विधीसाठी तो ठरावीक उंच जागा निवडतो, आणि ती जागा पुष्कळदा आपल्या छतावर असते. २०२४ साली केरळच्या मुख्यमंत्र्यांनी तिरुवनंतपुरम येथील एका जाहीर भाषणात मंत्र्यांच्या जुन्या निवासस्थानांतील मरपट्टीच्या उपद्रवाची तक्रार केली होती. हे बिऱ्हाड अधिकारपदालाही जुमानत नाही, असे त्यावरून दिसते.

तथापि प्रत्येक आवाज उदमांजराचाच असतो असे नाही. आणि उपाय योजण्यापूर्वी भाडेकरू कोण, हे ठरविणे अगत्याचे असते. दिवसाउजेडी होणारी चपळ धावपळ खारीची असते. रात्री भिंतीच्या आत कुरतडल्याचा आवाज उंदराचा. दिवेलागणीच्या सुमारास वळचणीतून बारीक चिवचिव ऐकू आली, तर तेथे छोटी वटवाघळे, म्हणजे खेड्यांतून ज्यांना पाकोळ्या म्हणतात ती, लटकलेली असतात. घोरल्यासारखा किंवा फुत्कारासारखा आवाज आला, तर तो साप असेलच असे नाही. गव्हाणी घुबडाची पिले भूक लागली की असाच आवाज करतात, आणि कित्येक घरांच्या भुताटकीचे मूळ या पिलांच्या भुकेत असते.

आवाजापेक्षा विश्वासार्ह साक्ष विष्ठेची. उदमांजराच्या विष्ठेत फळांच्या बिया स्पष्ट दिसतात. वटवाघळाच्या लेंड्या उंदराच्या लेंड्यांसारख्याच दिसतात, पण काडीने दाबल्या की त्यांचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार कण आढळतात. उंदराच्या वाळलेल्या लेंड्या तशा भुरभुरत नाहीत. घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली केस आणि उंदरांची हाडे यांचे घट्ट गोळे पडलेले असतात, कारण न पचलेला भाग ते तोंडावाटे टाकते. सापाची खूण म्हणजे कात. धामणीसारखा बिनविषारी साप माळ्यावर चढतो तो उंदरांच्या मागावर. अशा वेळी साप हे दुखणे नसून दुखण्याचे लक्षण असते.

पाहुणा ओळखला की पुढचा प्रश्न येतो तो वाटेचा. कौलारू घराचे छप्पर बाहेरून सलग दिसते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि त्यानंतर ही चपटी कौले किनाऱ्या-किनाऱ्याने सर्वत्र पसरली. ती एकमेकांत नीट बसतात. परंतु आढ्याशी, वळचणीशी आणि दोन पाखी मिळतात त्या पन्हळीशी फट राहतेच. शहरातील इमारतीत हीच फट खोट्या छताच्या कडेला किंवा नळ जेथून आत येतात तेथे असते. उदमांजराला तळहाताएवढी फट पुरते. छोट्या वटवाघळाला बोट जाईल एवढी. ती शोधण्याचा सोपा मार्ग असा की भर दुपारी माळ्यावर चढून दिवा मालवावा. जेथून उजेडाची तिरीप आत येते तेथे खूण करावी. यांपैकी वापरातील वाट कोणती हे ठरविण्यासाठी प्रत्येक फटीशी थोडी रांगोळी पसरावी. सकाळी पावलांचे ठसे उत्तर देतात.

आता सर्वांत नाजूक भाग येतो, तो वेळेचा. वाट सापडली की ती त्याच दिवशी बुजविण्याचा मोह होतो, आणि येथेच मोठा अनर्थ घडतो. माळ्यासारखी निवांत जागा मादी अनेकदा पिलांसाठीच निवडते. ती रात्री भक्ष्याच्या शोधात बाहेर पडली असताना वाट बंद केली, तर ती परत येऊन कौले उचकटते, आणि आत शिरू शकली नाही तर पिले उपाशी मरतात. चार दिवसांनी येणारी दुर्गंधी ही त्या घाईची पावती असते. उदमांजराची पिले आपल्याकडे वर्षाच्या कोणत्याही काळात जन्मू शकतात. म्हणून पंचांग पाहून येथे भागत नाही, कान देऊन ऐकावे लागते. बारीक कुंईकुंई ऐकू येत असेल, तर दोन-तीन महिने थांबणे हाच उपाय. तेवढ्यात पिले आईबरोबर हिंडू लागतात. वटवाघळांची पिले बहुधा उन्हाळा आणि पावसाळा या काळात असतात आणि पहिले काही आठवडे त्यांना उडता येत नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत पावसाळा उलटल्यानंतरचे कोरडे दिवस सोयीचे ठरतात. घुबडाच्या पिलांना पंख फुटून बाहेर पडण्यास सुमारे दोन महिने लागतात.

पिले नाहीत किंवा हिंडती झाली आहेत, अशी खात्री झाली की मन वळविण्यास प्रारंभ करावा. ज्या चार गुणांमुळे माळा प्रिय झाला, त्यांपैकी दोन काढून घेणे सहज शक्य असते. अंधार घालविण्यासाठी तेथे रात्रंदिवस दिवा ठेवावा, आणि माणसाच्या गैरहजेरीवर उपाय म्हणून रेडिओ लावून ठेवावा. संगीतापेक्षा भाषण अधिक परिणामकारक, कारण रानातील प्राणी माणसाच्या बोलण्याला भितो. कंटाळूनही जात असेल, पण त्याची वाच्यता तो करीत नाही. त्याबरोबरच छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, अंगणात पडलेली पिकली फळे उचलावीत, आणि खरकटे उघड्यावर टाकू नये.

त्यानंतर वाट बंद करावयाची, तीही एकदम नव्हे. इतर सर्व फटी जस्ताचा मुलामा दिलेल्या मजबूत जाळीने किंवा सिमेंटने बुजवाव्यात आणि वापरातील एकच वाट मोकळी ठेवावी. त्या वाटेवर, वरच्या कडेला बिजागरी असलेली आणि केवळ बाहेरच्या बाजूने उघडणारी हलकी झडप बसवावी. प्राणी आतून ती ढकलून बाहेर जातो. परतल्यावर बाहेरून ती उघडत नाही. वटवाघळांसाठी झडपेऐवजी फटीवर जाळीचा तुकडा पदरासारखा सोडावा, वरच्या आणि बाजूच्या कडा पक्क्या कराव्यात आणि खालची कडा मोकळी ठेवावी. वटवाघूळ घसरून खालून निघते, परंतु उडत येताना पूर्वीच्याच फटीशी जाते आणि तेथे त्याला जाळी लागते. आठवडाभर ही व्यवस्था ठेवून, आतली रांगोळी कोरी राहिली की मग शेवटची फट कायमची बुजवावी. राहिलेली विष्ठा कोरडी झाडू नये, कारण तिच्या धुळीतून फुप्फुसाचे विकार संभवतात. नाकातोंडावर फडके बांधून, ती पाण्याने भिजवून, गोळा करून पुरावी. जुना वास राहिला तर नवा भाडेकरू त्या वासाच्या खुणेने येतो.

पिंजऱ्यात पकडून रानात सोडणे हा मार्ग वरवर दयेचा दिसतो. पण अनोळखी रानात त्या प्राण्याला भक्ष्याची ठिकाणे ठाऊक नसतात, लपण्याच्या जागा ठाऊक नसतात, आणि तेथील जुने रहिवासी त्याला थारा देत नाहीत. इकडे फट उघडीच असल्याने रिकाम्या माळ्यावर दुसरे बिऱ्हाड येते. शिवाय हे कृत्य बेकायदेशीर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. ठार मारणे, विष घालणे, सापळ्यात पकडणे, तसेच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हे सर्व त्यात येते. २०२२ साली या कायद्याच्या अनुसूचींची फेररचना झाली; उदमांजर, घुबड, धामण आणि नाग यांना त्यांत संरक्षण आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्हेतूने केलेले कृत्य मात्र कायद्याने अपराध ठरत नाही. पकडणे अपरिहार्यच असेल, तर ते काम वनखात्याचे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. विषारी साप, जखमी प्राणी किंवा मधमाश्यांचे पोळे यांच्या बाबतीत तर घरच्यांनी स्वतः हात घालूच नये. कोणताही रानटी सस्तन प्राणी चावला अथवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

वटवाघळांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. २०१८ साली केरळात निपाह रोगाची साथ आली तेव्हा वटवाघळांची धास्ती देशभर पसरली. त्या विषाणूचा संबंध मोठ्या फळखाऊ वटवाघळांशी आहे, आणि ती वड-पिंपळासारख्या उंच झाडांवर उघड्यावर लटकतात. वळचणीतील पाकोळी किडे खाऊन जगते. डासही तिच्या आहारात असतात. तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये, हे खरे. पण तिच्या वस्तीला आग लावण्यास कोणतेही कारण नाही.

उंदरांचा प्रश्न निराळा आहे. लेप्टोस्पायरोसिससारखा रोग पसरविणाऱ्या प्राण्याला घरात आश्रय द्यावा, असे भूतदयेलाही अभिप्रेत नाही. तरीही उपायांत तारतम्य असते. धान्य झाकणे आणि फटी बुजविणे हा मूळ उपाय. त्यानंतर तत्काळ प्राण घेणारा चाप. चिकट पट्टीवर उंदीर तासन् तास जिवंत तडफडतो, म्हणून अनेक राज्यांनी तिच्यावर बंदी घातली आहे. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर काही दिवस अर्धमेला फिरतो. तो घुबडाने किंवा उदमांजराने खाल्ला तर विष त्यांच्याही अंगात जाते. जो फुकट पहारेकरी उंदीर खाण्यासाठीच माळ्यावर आला, त्याचाच अशा रीतीने बळी जातो, आणि उरलेले उंदीर निर्धास्तपणे वाढतात. डांबराच्या गोळ्या आणि मिरचीची धुरी या घरगुती युक्त्यांचीही हीच गत आहे. गोळ्यांची वाफ घरातील लहान मुलांना बाधते, आणि धुरीने आई पळते, पिले मागे राहतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यामागे राज्यसभेच्या सदस्या आणि नृत्यकलेच्या उपासक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. पुढे १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. परंतु गृहस्थाच्या पाच महायज्ञांत भूतयज्ञाची गणना त्याच्या कितीतरी आधीपासून होत आली आहे. आपल्या अन्नातला एक घास मुक्या जीवांसाठी काढून ठेवावा, हा त्याचा अर्थ. माळ्यावरच्या बिऱ्हाडाला घास देण्याचीही आवश्यकता नाही. त्याला द्यावयाची ती दोन-तीन महिन्यांची मुदत. न्यायालयेदेखील भाडेकरूला घर सोडण्यासाठी काही अवधी देतात. तो देऊन, पिले हिंडती झाल्यावर जाळी ठोकणाऱ्या घरमालकाचा माळा कायमचा मोकळा होतो, आणि घराबाहेरच्या अंधारात उंदीर धरणारा एक प्राणी जिवंत राहतो.