कर्करोगाच्या औषधांची पारख आणि संगणक

कर्करोगावर नवें औषध ‘संगणकानें शोधून काढलें’ असें वृत्तपत्रांतून वरचेवर वाचण्यांत येतें. ज्या घरांत हा रोग शिरला आहे तेथें अशी एक ओळही मोठी आशा उत्पन्न करिते. म्हणून यंत्र या कामीं नेमकें काय करितें हें एका खऱ्या उदाहरणावरून पाहणें बरें.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत पूर्वीं नव्या द्रव्यांची पारख मुख्यतः रक्ताचा कर्करोग जडविलेल्या उंदरांवर होत असे. त्या रीतीनें मिळालेल्या औषधांस फुप्फुस, आंतडें इत्यादि अवयवांच्या गांठी बहुधा दाद देत नसत. १९९० पासून रीत पालटली. मनुष्याच्या नऊ प्रकारच्या कर्करोगांतील पेशींचे साठ निरनिराळे वंश प्रयोगशाळेंत वाढवावयाचे, प्रत्येकावर तें द्रव्य घालावयाचें, आणि कोणता वंश किती मात्रेनें खुंटला हें टिपावयाचें. साठ आंकड्यांची ही मालिका म्हणजे त्या द्रव्याचें जणूं हस्ताक्षरच. केनेथ पॉल यांनीं १९८९ मध्यें अशा दोन मालिकांतील साम्य मोजणारी ‘कंपेअर’ नांवाची गणनपद्धति प्रसिद्ध केली होती. अनोळखी धातूचीं चार रूपें पाहून तो कोणत्या गणाचा हें हुशार विद्यार्थी सांगतो, तशांतलाच हा प्रकार.

आतां उदाहरण. जपानच्या समुद्रांतील एका स्पंजापासून हिराता व उएमुरा यांनीं हॅलिकॉन्ड्रिन-बी हें द्रव्य वेगळें केल्याचें १९८६ मध्यें जाहीर केलें. सहाशें किलो स्पंजांतून निघालें अवघें साडेबारा मिलिग्रॅम! इतक्याशा मालावर प्रयोग तरी किती करणार? परंतु त्याची मालिका यंत्रानें ताडून पाहतां ती ट्यूब्युलिन या प्रथिनास अडवून पेशींचें विभाजन रोखणाऱ्या द्रव्यांशीं जुळली. आपल्या अंगणांतील सदाफुलीपासून मिळणारें व्हिन्ब्लास्टिन याच वर्गांतलें. पुढें प्रत्यक्ष ट्यूब्युलिनवर प्रयोग करून १९९१ मध्यें ही ओळख पक्की ठरली. अलीकडे प्रथिनाच्या आकृतींत लक्षावधि रेणू यंत्रांतच बसवून पाहतात. पण निवडलेल्या रेणूंची खरी परीक्षा तेथेंही प्रयोगशाळेंतच होते.

१९९२ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील योशितो किशी यांनीं तें द्रव्य कृत्रिम रीतीनें घडविलें. त्या अवाढव्य रेणूचा एक भागच कामाचा आहे असें आढळल्यावर त्या नमुन्यावर एरिब्युलिन तयार झालें, आणि २०१० मध्यें, म्हणजे ओळख पटल्यावर एकोणीस वर्षांनीं, शरीरांत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. ज्या चांचणीच्या आधारें ती मिळाली तींत ७६२ स्त्रिया होत्या. सर्वांनीं आधीं अनेक औषधें घेतलेलीं. त्यांतील निम्म्या स्त्रिया जितका काळ जगल्या तो काळ एरिब्युलिन घेणाऱ्यांत १३.१ महिने भरला, इतर उपचार घेणाऱ्यांत १०.६.